उशिरा मारलेली हाक

आदरणीय ताई,

मी 46 वर्षांचा आहे. गेल्या वर्षी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. त्यांना सगळं कळतं, पण बोलायला गेले की एखादाच शब्द बाहेर पडतो, तोही भलताच. आई त्यांचं करून करून थकली आहे. त्यातच कंपनीने माझा विभाग बंद केला. डोक्यावर घराचं कर्ज आहे. सध्या बायकोच्या पगारावर घर चाललंय. धाकटा भाऊ पैसे पाठवतो, पण येत नाही. दिवसभर मी सगळ्यांना धीर देतो आणि रात्री तीनला जी जाग येते ती सकाळपर्यंत.

खरी अडचण वेगळीच आहे. कॉलेजपासून मी स्वतःला नास्तिक म्हणवून घेतो. वडील रोज पहाटे अर्धा तास स्तोत्रं म्हणायचे, त्यावरून चारचौघांत मी त्यांची टिंगल केली आहे. आणि आता अंधारात पडलेला असताना माझ्या तोंडून तीच स्तोत्रं येतात, अर्धवट. मला माझीच लाज वाटते. गरज पडल्यावर देव आठवणं हा लबाडपणा नाही का? एक नातेवाईक म्हणाले, 'मनापासून मागितलं तर तो देतोच, तुझंच कुठेतरी कमी पडतंय.' मग मी मनात सौदे करतो. बाबा बोलायला लागले तर अमुक सोडीन, तमुक करीन. काहीच होत नाही. राग येतो, त्या भरात देवाला वाटेल ते बोलतो आणि नंतर त्याचीच भीती वाटते. कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. परवा मुलीने मला पुटपुटताना ऐकलं आणि विचारलं, 'बाबा, तुम्ही देव मानायला लागलात?' मला उत्तर देता आलं नाही.

— उशिरा आलेला

---

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी घेते. 'सकाळी जागच येऊ नये' हे तुम्ही राग आणि मुलीचा प्रश्न यांच्या मधे असं सरकवून दिलंय की वाचणाऱ्याने पटकन पुढे जावं. मी पुढे जाणार नाही. हे आजच बायकोला सांगा, याच शब्दांत. आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांकडे. रोज भल्या पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणं हे नैराश्याचं ओळखीचं लक्षण आहे आणि त्यावर उपचार होतात. स्वतःला काही करून घ्यावं असे विचार येऊ लागले, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. बायकोला उठवा, तातडीच्या सेवेला फोन करा, एकटे राहू नका. वडिलांना झटका आला तेव्हा तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलंत, त्यांची श्रद्धा किती आहे ते मोजत बसला नाहीत. स्वतःच्या बाबतीतही तेच करा. पुढे जे लिहिते आहे ते या सगळ्याच्या जोडीला आहे, बदल्यात नाही.

आता लबाडपणाचं.

देव आहे की नाही हे पटवून देण्याचा माझा वकूब नाही, आणि तुम्ही ते विचारलेलंही नाही. गरजेपोटी हाक मारणाऱ्याला तिथे जागा आहे का, एवढंच तुम्ही विचारलंय. या बाबतीत जुनी माणसं तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या मनाची होती. गीतेच्या सातव्या अध्यायात देवाला भजणारे चार प्रकारचे लोक सांगितले आहेत: संकटाने पिचलेला आर्त, जाणून घेऊ पाहणारा जिज्ञासू, काहीतरी हवं असलेला अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी सगळ्यांत जवळचा, हे तिथे स्पष्टच म्हटलंय, आडपडदा नाही. पण त्याच जागी चौघांनाही उदार म्हटलंय. आणि नावं घेताना सुरुवात आर्तापासून केली आहे. त्याला कुणी दाराबाहेर बसवलेलं नाही, आधी मागच्या इतक्या वर्षांची थकबाकी भर, असं सुनावलेलं नाही. ती थकबाकी फक्त तुम्हीच मांडून बसला आहात.

'उशिरा आलेला' अशी सही केली आहे म्हणून आणखी एकाची आठवण करून देते. भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र. मगरीने पाय धरला आणि त्याने लगेच देवाला हाक मारली, अशी आपली समजूत असते. तसं झालेलं नाही. तो आधी स्वतःच्या ताकदीवर झुंजला, आणि तेही हजार वर्षं, असं भागवत सांगतं. कळपातल्या इतर हत्तींनी त्याला ओढून पाहिलं, त्यांचंही काही चालेना. अंगातलं बळ सरलं तेव्हा कुठे हाक निघाली. पण या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा पुढे आहे, आणि गोष्ट सांगण्याच्या भरात ती सहसा सुटून जाते. गजेंद्राने जे स्तोत्र म्हटलं ते त्याने त्या वेळी रचलेलं नव्हतं. आदल्या जन्मी तो इंद्रद्युम्न नावाचा राजा होता, तेव्हा शिकलेलं ते स्तोत्र त्याला आठवलं. ज्याने कुणी ही कथा रचली, त्याला माणसाचं मन चांगलं ठाऊक होतं. जीव कंठाशी आल्यावर नवे शब्द सुचत नाहीत. आत आधीपासून जे पडून असतं तेच वर येतं.

तुमच्या आत काय पडून होतं? वडिलांचा पहाटेचा तो अर्धा तास. अंथरुणात कूस बदलत, वैतागत, टिंगल करत का होईना, वर्षानुवर्षं तो तुमच्या कानांवर पडला. तुम्ही शिकला नाहीत, पण ते राहिलं. ज्याची तुम्ही लाज वाटून घेताय ते चोरून आणलेलं नाही, वारशाने आलंय. आणि टिंगलीचं शल्य असेल तर त्यासाठी देवाकडे जायची गरज नाही. ज्यांची टिंगल केली ते शेजारच्या खोलीत आहेत आणि त्यांना सगळं कळतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना सांगा. त्यांना उत्तर देता येणार नाही, म्हणून तर तुम्हाला सांगणं सोपं जाईल.

इथे एक गोष्ट तुमच्या हाती द्यायची आहे, ती देवाधर्मापेक्षा मेंदूच्या संबंधातली जास्त आहे. मेंदूच्या डाव्या भागाला झटका बसला की शरीराची उजवी बाजू जाते आणि अनेकदा भाषाही कोलमडते. याला वाचाघात म्हणतात. अशा माणसाला स्वतःचं साधं वाक्य जुळवता येत नाही. पण त्यातल्या अनेकांना पाठ असलेलं म्हणता येतं: एक ते दहा आकडे, वारांची नावं, एखादं गाणं, रोजची प्रार्थना. पाणी हवंय हे सांगता न येणारा माणूस लहानपणचं गाणं ओळीमागून ओळ म्हणतो आणि घरचे थक्क होतात. वाक्य नव्याने रचणं आणि घोटलेलं उच्चारणं ही मेंदूची दोन निराळी कामं आहेत. इंग्लंडमधले मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी हा फरक एकोणिसाव्या शतकातच मांडला होता. वाचोपचारात लय आणि सूर यांचा आधार घेऊन शब्द परत आणण्याची पद्धतही आहे.

म्हणून एक करून पाहा. पहाटे जागेच असता, तर वडिलांजवळ जाऊन बसा आणि त्यांचं स्तोत्र त्यांच्या कानांवर पडेल असं, सावकाश म्हणा. मधल्या ओळी येत नसतील तर पुस्तक हातात घ्या. एक ओळ म्हणून जरा थांबा. कदाचित ते पुढची ओळ धरतील. कदाचित नुसते ओठ हलतील, किंवा तेवढंही होणार नाही. प्रत्येक झटका वेगळी जागा उद्ध्वस्त करतो, त्यामुळे मी कसलाही भरवसा देत नाही. त्यांची परीक्षा घेऊ नका, 'म्हणा ना बाबा' असा धोशा लावू नका. पण जे घडेल ते त्यांच्या वाचोपचारतज्ज्ञांना सांगा, आणि अजून कुणाला दाखवलंच नसेल तर आधी ते करा. एका वर्षानंतरही सुधारणेला वाव असू शकतो. आणि समजा काहीच निष्पन्न झालं नाही, तरी आयुष्यभर स्वतः म्हटलेले शब्द त्यांना मुलाच्या तोंडून ऐकायला मिळाले, हे मी फुकट गेलं असं मानणार नाही.

रागाची भीती तर सोडूनच द्या. मराठीत लिहिताय आणि देवाला शिव्या घातल्या म्हणून घाबरताय? जनाबाईंनी विठ्ठलाला कारट्या म्हटलंय, आणि त्या अभंगातल्या बाकीच्या भाषेपुढे हा शब्दही मवाळ वाटावा. तुकाराम महाराजांचं दुष्काळात दिवाळं निघालं, त्यांची एक बायको 'अन्न अन्न' करत गेली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्याच तुकारामांनी एका अभंगात, माझ्यापुरता देव मेला, असं म्हणून टाकलं. त्यांना कुणी पंढरीच्या बाहेर काढलेलं नाही, आज त्यांचेच अभंग म्हणत लोक तिकडे जातात. दुसऱ्या परंपरांतही असंच दिसतं. बायबलच्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यांत विलापाची पुष्कळ आहेत, आणि 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, आभार नाहीत. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं. ज्याच्यावर रागावता येतं त्याच्याशी नातं असतं. ज्याच्याशी काही घेणंदेणं नसतं त्याच्याकडे माणूस पाठ फिरवतो, रात्री तीन वाजता भांडत बसत नाही.

आता ते नातेवाईक. यांच्याबद्दल मी जरा कडक लिहिणार आहे. बायबलमध्येच ईयोबाची गोष्ट आहे. त्याची मुलं गेली, संपत्ती गेली, अंगभर फोड उठले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी चकार शब्द काढला नाही. तिथवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझंच काहीतरी चुकलं असणार, हे निरनिराळ्या तऱ्हांनी सांगत सुटले. शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा कोप होतो या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाही, असं तो त्यांना सुनावतो. ईयोबाने देवाला जाब विचारला होता, हे लक्षात घ्या. देवाची बाजू मांडणारे मित्र चुकले. तुमचे ते नातेवाईक पुढच्या वेळी आले की त्यांना वडिलांजवळ दोन तास बसायला सांगा आणि तुम्ही आईला घेऊन जरा बाहेर जाऊन या. त्यांची मदत या रूपात घेतलेली बरी.

मनापासून मागितलं की मिळतंच, हे कुणी तपासून पाहिलं नाही असंही नाही. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतल्या 1802 बायपास रुग्णांवर केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत दोन्हींकडे जवळपास सारखीच निघाली, 52 आणि 51 टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चाललीच आहे, असं ज्यांना खात्रीने सांगितलं होतं त्यांच्यात ती थोडी जास्तच होती, 59 टक्के. काही लोक हे आकडे प्रार्थना फोल ठरल्याचा दाखला म्हणून फिरवतात. मला विचाराल तर तो प्रश्नच चुकीचा होता, गोळीचा डोस मोजावा तशी हाक मोजायला गेलेला. पण एवढं त्यातून नक्की घ्या: वडील बोलत नाहीत याचा तुमच्या मनापासून असण्या-नसण्याशी संबंध जोडायला कसलाही आधार नाही. म्हणून सौदे बंद करा. मागणं बंद करा असं मी म्हणत नाही. 'बाबांना बोलता येऊ दे' हे रोज मागा, हक्काने मागा. फक्त त्यापुढे 'तर मी' लावू नका. सौद्यात माणूस शेवटपर्यंत हिशेबनीस राहतो, आणि तुम्ही हिशेब करूनच तर थकला आहात.

शरण जाण्याबद्दल वैष्णवांनी फार बारकाईने विचार केलाय. त्यांनी शरणागतीची सहा अंगं सांगितली, त्यांतलं एक कार्पण्य, म्हणजे माझ्याच्याने आता होत नाही ही कबुली. तुम्ही जिला स्वतःचा कमकुवतपणा समजताय ती या यादीत साधनेचा भाग म्हणून धरली आहे. रामानुजांच्या परंपरेत पुढे यावरून वाद झाला आणि दोन शाखा पडल्या. एक म्हणते, माकडाचं पिल्लू आईला जसं स्वतः घट्ट धरून असतं तसं भक्ताने देवाला धरावं. दुसरी म्हणते, मांजरीचं पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला मानेला धरून उचलते. शास्त्रार्थात कोण जिंकलं हा प्रश्न विद्वानांचा. पण माणसाच्या हातात धरायचंही त्राण उरत नाही अशी वेळ येते, आणि त्या वेळेसाठी दुसरी शाखा आहे. सध्या तुमची ती वेळ आहे. एकाग्रता होत नाही, भाव दाटून येत नाही, अर्धं स्तोत्र विसरलंय, याचं वाईट वाटून घेऊ नका.

तेव्हा रात्री तीनला जाग आल्यावर काय करायचं? उठून बसा. पाठीवर पडून छताकडे पाहत प्रार्थना केली की तिची काळजी व्हायला वेळ लागत नाही. वडिलांच्या स्तोत्रातली तुम्हाला येणारी एकच ओळ निवडा आणि ती एका लांब श्वासासोबत, घाई न करता म्हणा. थांबा, पुन्हा म्हणा. इटलीतले डॉक्टर लुचानो बर्नार्डी यांनी 23 जणांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एक मंत्र म्हणायला लावून श्वास मोजले होते, 2001 साली ते प्रसिद्ध झालं. दोन्ही प्रकारांत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदयाच्या ठोक्यांची लयही त्याच्याशी जुळली. धर्म वेगळा, भाषा वेगळी, श्वास तोच. ही देवाची खूण आहे असं माझं म्हणणं नाही. घाबरलेल्या शरीराला सावरायला एवढंही पुरतं, आणि शरीर सावरल्याशिवाय मनाला शरण वगैरे काही जाता येत नाही. दहाएक मिनिटांनी बोलायचं असेल ते बोला, मराठीत, साध्या शब्दांत. कर्जाचा आकडा सांगा. भावाचा राग सांगा. काही सुचलं नाही तर गप्प बसा.

भावाचा विषय निघालाच आहे. जे माणसाकडे मागायचं ते देवाकडे मागू नका. भावाने यावं असं वाटतं, तर भावाला कळवा. आणि 'जमलं तर ये' असं मोघम नको. 'अमुक तारखेपासून आठ दिवस बाबांची रात्र तुझी' असं कळवा. तो पैसे पाठवतो, म्हणजे त्याला काहीतरी करायचं आहे. अंथरुणाला खिळलेल्या बापासमोर उभं राहायची त्याला भीती वाटत असेल, तीही असू शकते. बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून मिळते का ते विचारा. दिवसभर सगळ्यांना धीर देण्याचं काम तुमच्याकडे कुणी सोपवलंय, हेही एकदा बायकोला विचारून पाहा. मला वाटतं, ती म्हणेल की तिने तरी नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. ती काही तुम्हाला कोंडीत पकडत नव्हती. तिला बाबा घाबरलेले दिसले असणार. तुम्ही तेव्हा गप्प राहिलात, पण विषय अजून संपलेला नाही. तिला सांगा, 'देव मानतो की नाही ते मला अजून माहीत नाही. पण मी घाबरलोय, आणि घाबरलो की आजोबांचे शब्द तोंडात येतात.' ती पुढे काय विचारेल सांगता येत नाही. बहुतेक, कुठले शब्द, असंच विचारेल. तेव्हा तिला म्हणून दाखवा. पाठ नसलेल्या ओळी कदाचित तिलाच येत असतील, आजोबांच्या घरात तीही वाढली आहे.

वाचोपचारतज्ज्ञ काय म्हणाले ते कळवा. आणि त्याआधी, डॉक्टरांकडे कोणत्या दिवशी गेलात ते.

— ताई